भाटकरचा शो

“एकच माणूस जाईल,” इस्माईल सारंग म्हणाले. हातातला पत्त्यांचा कॅट त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. “तुमच्या दोघांतला एक. लाँच दोनला लागंल. आता साडेदहा वाजले. काय ते जेवणाच्या आधी ठरवून टाका.”

भाटकर कणीक मळत होता. त्याचे हात थांबले नाहीत. मी मात्र हातातलं बिस्कीट तसंच खाली ठेवलं.

आखातातल्या एका बंदरासमोर आमचं जहाज चौदा महिने नांगर टाकून उभं होतं. जहाजाचं नाव सांगत नाही. मालकाने ते टाकून दिलं, मीही टाकलं. मालक एक दिवस फोन उचलेनासा झाला, मग एजंट उचलेनासा झाला, आणि कोर्टात जहाज विकण्याची केस उभी राहिली. ती मिटेपर्यंत जहाज रिकामं सोडायचं नाही, असा बंदराचा हुकूम होता. एकोणीस जणांतले तेरा जण या ना त्या कारणाने सुटले. उरलो सहा. कॅप्टन, दोन इंजिनियर आणि आम्ही तीन कोकणी. सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, बाणकोटचे, साठीला टेकलेले. रमाकांत भाटकर वरवड्याचा, जहाजाचा भंडारी, तुमच्या भाषेत आचारी. आणि मी हरेश्वर, हर्णैचा, इंजिनात तेलपाणी बघणारा ऑइलर. भाटकर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण पत्त्यांच्या टेबलावर आमचं अरे-तुरे होतं.

किनारा इतका जवळ होता की रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा उन्हात चमकताना दिसायच्या. माणसं कामाला जात होती, घरी येत होती. आम्हाला मात्र उतरायला कागद नव्हता. तुरुंगात निदान शिक्षा किती ते सांगतात.

आता बंदराने कळवलं होतं की पाच माणसं पुरे आहेत, एकाने जायला हरकत नाही. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी, अडकलेल्या खलाशांना मदत करणाऱ्या मिशनची लाँच आम्हाला गोडं पाणी आणि शिधा आणून द्यायची. त्याच लाँचने त्या एकाने जायचं होतं. कॅप्टन आणि इंजिनियर कायद्याने बांधलेले. राहिलो आम्ही तिघं.

“चाचा, तुम्हीच जा ना,” मी म्हणालो. म्हणणं भाग होतं.

“मी उतरलो आणि नांगर सरकला तर कोण बघंल? तू? तुला साखळीचा आवाज कळतो, नांगर नाय कळत.” सारंगांनी दाढी खाजवली. “चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. मागल्या वेळेस चिठ्ठ्यांवरून मारामारी झाली. तीन पत्तीसारखं करू. दोघांनी आपापलं कारण सांगायचं, घरी जायची नड काय ती. समोरच्याला वाटलं की हा फेकतोय, तर त्याने शो मागायचा. शो मागितला की मी लाँचवरच्या फोनवरून घरी विचारणार. खोटं निघालं तर सांगणारा पॅक, म्हणजे इथंच राहणार. खरं निघालं तर मागणारा पॅक. कोणीच नाय मागितला तर मी ठरवीन.”

भाटकर म्हणाला, “ठीक आहे, पण आधी कणीक...” आणि थांबला.

ही त्याची सवय होती. वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचा. ‘हऱ्या, जरा मीठ...’ ‘उद्या वाटतं वारा...’ उरलेलं आपण समजून घ्यायचं.

तीन पत्ती आम्ही रोज दुपारी खेळायचो. डावावर लावायला होतं काय? गोडं पाणी. अंघोळीसाठी प्रत्येकाला आठवड्याला एक बादली मिळायची, बाकी सगळं खाऱ्यात. त्या बादलीतले मग आम्ही लावायचो. दोन मग चाल, चार मग चाल. हरणारा आठवडाभर अंगावर मीठ घेऊन फिरायचा. त्या चौदा महिन्यांत मी जवळजवळ रोज गोड्या पाण्याने न्हालो, यावरून काय ते समजा.

मला त्याचा माज होता. इंजिनाच्या खोलीत आम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवतो आणि दांडा कानाला लावतो. आतलं काय बिघडलंय ते आवाजावरून कळतं. माणसांचंही मी तसंच करायचो. समोरचा हातात काही नसताना चाल वाढवतोय हे मला ऐकू यायचं. पण लगेच शो मागायचा नाही, ही माझी रीत. पहिल्या चालीला माणूस नुसता बघत असतो. दुसऱ्या चालीला तो स्वतःलाच पटवत असतो. तिसऱ्या चालीला त्याला परत फिरता येत नाही. शो तेव्हा मागायचा. तोवर त्याने अर्धी बादली घातलेली असते.

भाटकरला तर मी पाठच केलं होतं. एरवी वाक्य अर्धवट टाकणारा भाटकर खोटं बोलताना वाक्य पूर्ण करायचा. “माझ्याकडे चांगली पानं आहेत, तू ऊठ.” पूर्णविरामासकट. मी मनात हसायचो आणि शो मागायचो. चौदा महिन्यांत एकदाही चुकलो नाही. माझी खूण कोणाला सापडली असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझा त्याच्यावर एक राग मात्र होता. रोज दुपारी चारच्या सुमारास डाव मोडला की मी जहाजाच्या मागच्या टोकाला जाऊन कठड्याला टेकून उभा राहायचो. तिथे कोणी नसायचं, खाली नुसतं पाणी. दहा मिनिटं होतात न होतात तोच भटारखान्यातून हाक यायची, “हऱ्या, जरा तांदूळ निवडायला...” मिशनचा तांदूळ भलता खडेरी. बसून रोज मूठभर खडे काढायचो. स्वतः भाटकर बाकावर बसून मला कामाला लावतो, याची मला चीड यायची. हल्ली तो उभा राहायचं टाळतच होता. पायात कायम बूट, तेही भटारखान्यातल्या उकाड्यात. आणि जवळ गेलं की लवंग आणि फिनेल यांचा वास यायचा. म्हातारा व्हायला लागला बेटा, एवढंच मला वाटलं.

“हऱ्या, तू बोल पयला,” सारंग म्हणाले.

मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. एकाच्या सुटण्याची कुणकुण आठवडाभर होती.

“आई पडली,” मी म्हणालो. “विहिरीच्या पायरीवर. खुब्याचं हाड मोडलं. मागच्या लाँचला फोनवर बायकोने सांगितलं. मी तुम्हाला बोललो नाही, कशाला उगाच सगळ्यांना त्रास. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करायला हवं. बायको एकटी, पोर लहान. उचलायला-ठेवायला घरात पुरुष माणूस नाही.”

माझी आई तेव्हा हर्णैला ठणठणीत होती. मागच्या फोनवर तीच बोलली होती आणि मला जेवलास का म्हणून विचारलं होतं. सारंगांनी फोन लावला असता तर तिनेच उचलला असता.

बोलून झाल्यावर घशाला कोरड पडली. “भाटकर, चहा टाक ना जरा,” मी म्हणालो.

भाटकरने पीठ लागलेले हात धुतले, फडक्याला पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. पाठमोरा बराच वेळ उभा राहिला. एका पायावर भार देऊन.

“भाटकर,” सारंग म्हणाले, “शो मागतोस?”

तो वळला. माझ्याकडे बघितलं. डाव मांडताना बघायचा तसं नाही, वेगळंच. मी नजर चहाच्या पातेल्यावर ठेवली.

“नको,” भाटकर म्हणाला. “हऱ्या खरं बोलतोय.”

वाक्य पूर्ण होतं. मी ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

“आता तुझं सांग.”

भाटकरने चहा गाळला. माझ्यापुढे कप ठेवला. मग बाकावर बसून बोलायला लागला.

“माझ्या थोरल्या भावाला अटॅक आला,” तो म्हणाला. पहिली चाल.

मी कान दिला.

“त्याला रत्नागिरीच्या दवाखान्यात ठेवलं आहे. डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले आहेत.” दुसरी चाल. प्रत्येक वाक्य धुऊन वाळत घातल्यासारखं सरळ.

“त्याच्यामागे घर बघणारं दुसरं कोणी नाही, म्हणून मला गेलं पाहिजे.”

तिसरी.

सारंगांचे डोळे भरून आले होते. ते ठरवणार होते तर भाटकरलाच पाठवणार होते, हे मला दिसलं. म्हातारी आई आणि मरणाला टेकलेला भाऊ, निवड सोपी होती. लाँच येणार, भाटकर जाणार, आणि मी इथेच राहणार. उद्या दुपारी, परवा दुपारी, रोज चार वाजता तो कठडा.

“शो,” मी म्हणालो.

सारंग दचकले. “हऱ्या, विचार कर. मरणाची गोष्ट आहे. खरं निघालं तर तू पॅक.”

“केला विचार. चाचा, शो.”

“नंबर सांग, भाटकर. दोनला फोन लावू.”

भाटकर हसला. टेबलावरच्या पालथ्या कॅटवर त्याने हलकेच दोन बोटं आपटली.

“फोन कशाला आता, उगाच घरचे... पॅक,” तो म्हणाला. “जाऊ दे त्याला.”

सारंग उठून बाहेर गेले. जाताना त्यांनी भाटकरकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. भावाच्या मरणाचं खोटं सांगितलं म्हणून. भाटकरने पोळ्या लाटायला घेतल्या. मी चहा प्यायलो. चांगला झाला होता.

दोन वाजता लाँच लागली. मी पिशवी घेऊन शिडीपाशी गेलो. सारंगांनी मला मिठी मारली, आईसाठी दुवा केली. भाटकर शिडीपर्यंत आला नाही. भटारखान्याच्या गोल खिडकीतून त्याने पोळी-भाजीचं पुडकं माझ्या हातात दिलं.

“आईची काळजी घे, तिला माझा नमस्कार सांग,” तो म्हणाला.

तेही वाक्य त्याने पूर्ण केलं. मी पुडकं घेतलं आणि भराभर शिडी उतरलो. लाँच निघाली तेव्हा मागे वळून बघितलं नाही. मी शहाणा होतो. मी चौदा महिन्यांतला सगळ्यात मोठा डाव जिंकलो होतो.

तीन महिन्यांनी हर्णैला सारंगांचा फोन आला.

“जहाज विकलं. आम्ही सुटलो,” ते म्हणाले. “आई कशी आहे?”

“बरी आहे.”

“भाटकरचा पाय काढला, हऱ्या. गुडघ्याखाली.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. सारंग सांगत गेले. भाटकरला साखरेचा आजार होता, सात वर्षांपासून. गोळ्या जहाजावर संपल्या. बुटाने घासून टाचेला जखम झाली होती, ती भरेना. तो लवंगेचं तेल लावून, फिनेलने धुऊन बुटात झाकून ठेवत होता. मी गेल्यावर पाचव्या आठवड्यात तो भटारखान्यात पडला, तेव्हा बूट कापून काढावा लागला.

“बोलला का नाही?” मी विचारलं.

“ते त्यालाच विचार. त्या दिवशी नुसता बूट काढून दाखवला असता ना, तर बंदराने वेगळी बोट पाठवून त्याला दवाखान्यात नेला असता. आजारी माणूस मोजणीत धरत नाहीत. तुझी जागा तुलाच राहिली असती. दोघं सुटला असता. मी त्याला खोटारडा समजलो रे. महिनाभर त्याच्याशी बोललो नाय.”

मी समुद्र सोडला. हर्णैही सोडलं. कऱ्हाडला एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर लागलो. तिथून समुद्र शंभर किलोमीटर तरी लांब आहे. भाटकरला भेटायला जायचं दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. असं करता करता अकरा वर्षं गेली. मग एक लग्नपत्रिका आली. भाटकरच्या मुलीची. खाली कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलं होतं, ‘हऱ्या, तांदूळ निवडायला...’

लग्नाला गेलो नाही. चारचौघांत तोंड दाखवायचा धीर झाला नाही. लग्नानंतर आठ दिवसांनी, घरातले पाहुणे पांगले असतील अशा बेताने वरवड्याला पोचलो.

भाटकरने घरापुढच्या पडवीत खानावळ टाकली होती. चार टेबलं, माशाचं जेवण. दुपारची गर्दी संपली होती. लाकडी पाय टाकत तो आतून आला, माझ्याकडे बघितलं आणि जणू मी कालच गेलो होतो अशा आवाजात म्हणाला, “बस. आधी चहा घे, मग...”

चहा आला. आम्ही मुलीबद्दल बोललो, जावयाबद्दल बोललो. सारंग गेल्याचं मला तिथेच कळलं. मी त्याच्या पायाकडे बघायचं टाळत होतो. त्याने पँट वर करून पायावर टिचकी मारली.

“बघून घे एकदा. म्हणजे मग नीट...”

“भाटकर, तू बोलला का नाहीस?”

“वेडेपणा, दुसरं काय. मेडिकलच्या तपासणीला दर खेपेला लघवी दुसऱ्याची दिलेली, मेल्या. साखर आहे असं एकदा कागदावर आलं की परत जहाज नाही. दोन पोरी शिकत होत्या. वाटलं, घरी जाऊन गुपचूप बरा होईन आणि...” तो हसला. “तुझा शो बरोबर होता. मी फेकतच होतो.”

“मीही फेकत होतो,” मी म्हणालो. अकरा वर्षं हे वाक्य मी कोणापुढे काढलं नव्हतं. “आई पडली नव्हती, भाटकर.”

“माहीत आहे.”

“सारंगांनी सांगितलं?”

“सारंगला शेवटपर्यंत नाही कळलं. मला तेव्हाच. तू फेकायला लागलास की चहा मागतोस. पहिल्या महिन्यापासून.” तो मजेत मान हलवत होता. “किती मग पाणी मी मुद्दाम तुला... जाऊ दे.”

“मग शो का नाही मागितलास? मागितला असतास तर तू घरी आला असतास. हा पाय...”

भाटकरने पडवीबाहेर बघितलं. खाली खाडी होती आणि तिच्यापुढे समुद्र. मी त्या बाजूला बघत नव्हतो.

“भटारखान्याची खिडकी मागच्या डेकवर उघडायची,” तो म्हणाला. “रोज चारला तू तिथे. आधी कठड्याला टेकून. मग एक पाय खालच्या दांडीवर. शेवटच्या आठवड्यात दोन्ही पाय... मला वाटलं, हे आईचं नाव घेऊन खोटं बोलतंय, म्हणजे आता याला फार दिवस... म्हणून भावाचं तीन चालींत सांगितलं, तू शो मागणारच, मग...”

ती गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. त्या पाण्यात उतरलं की सगळं थांबेल असं मला रोज चार वाजता वाटायचं. रोज थोडं जास्त. आणि रोज हाक यायची आणि मी शिव्या देत तांदूळ निवडायला जायचो.

“तांदळात एवढे खडे...” मी म्हणालो. आता वाक्य माझं अर्धवट राहिलं.

“कुठले खडे? मिशनचा तांदूळ स्वच्छ असायचा. तू निवडून ठेवलेले खडे मी डब्यात जपून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी परत...” त्याला हसू आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले. मला हसता आलं नाही. मी खोटं ऐकलं होतं चौदा महिने, सगळं अचूक. तो का बोलतोय ते एकदाही ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, “आता कसा आहेस? झोप लागते?”

“लागते की. मस्त लागते,” मी म्हणालो. “समुद्र सोडला आणि डोक्याचा ताप गेला. आता ते तसलं काही मनात येत नाही. कारखान्यात बरं चाललंय. बायकोही खूश आहे.” आणि लगेच म्हणालो, “भाटकर, चहा टाक ना जरा.”

भाटकर उठला नाही. तो माझ्यासमोरच्या कपाकडे बघत होता. माझा कप अजून अर्धा भरलेला होता.

“हऱ्या,” तो म्हणाला, “आज मी शो...”

टेबलावर तळहात पालथा टेकवून तो वाट बघत बसला. घड्याळात चारला पाच कमी होते. मी खुर्ची सरकवली, समुद्राकडे पाठ केली आणि सांगायला लागलो.